तिमाही हिशेबाची धास्ती

१८ मार्च २०१५ रोजी ब्रिटनचे तत्कालीन अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी अंदाजपत्रक सादर करताना वार्षिक करविवरणपत्राची पद्धत मोडीत काढण्याचा संकल्प सोडला. दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस पावत्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसणाऱ्या तेथील छोट्या व्यावसायिकाला ही घोषणा गोड वाटली असेल, तर त्यात नवल नाही. त्या संकल्पातून अकरा वर्षांनी जे प्रत्यक्षात उतरले, ते मात्र असे की, ६ एप्रिल २०२६ पासून स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या आणि घरभाड्याचे उत्पन्न घेणाऱ्या नागरिकांपैकी मोठ्या उलाढालीच्या मंडळींना वर्षातून चार वेळा हिशेबाचा गोषवारा संगणकामार्फत सरकारकडे धाडावयाचा आहे. आणि तो धाडून झाल्यावर वर्षअखेरचे विवरणपत्र आहे ते आहेच. एकाचे पाच झाले, अशी तक्रार त्यामुळे ब्रिटनमध्ये सर्रास ऐकू येते. ‘मेकिंग टॅक्स डिजिटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेविषयीच्या अशा तक्रारींत तथ्य किती आणि गैरसमज किती, हे निवडून पाहणे अगत्याचे आहे. कारण खोट्या भीतीच्या गलबल्यात खरी अडचण झाकली जाते, आणि ती ज्यांना सोसावी लागणार त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

साहेबाच्या देशातील करपद्धतीची उठाठेव येथे बसून आपण कशासाठी करावी, असा प्रश्न कोणी विचारील. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ मधली. तेव्हापासून मराठी माणसांच्या काही पिढ्या त्या देशात स्थिरावल्या आहेत, आणि आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतून एखादा भाऊ, भाची किंवा जावई तेथे असणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. शिवाय आपला प्राप्तिकर हे मुळात त्याच झाडाचे कलम. जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये तो हिंदुस्थानात आणला, तो विलायतेतील नमुन्यावरूनच. नाते असे जवळचे असल्यामुळे घोटाळाही अधिक होतो. येथील नियम डोक्यात ठेवून तेथील नियम वाचले की शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ भलताच लागतो. पुण्याहून काकांनी दूरध्वनीवर दिलेला सल्ला लंडनच्या पुतण्याला गोत्यात आणू शकतो, तो याच मार्गाने.

मुळात ब्रिटनमध्ये विवरणपत्र भरते कोण, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे पगारातून कर कापला गेला असला तरी शिक्षक आणि कारकून दरवर्षी विवरणपत्राच्या खटाटोपात पडतातच. ब्रिटनमध्ये १९४४ पासून पगारातून दरमहा कर वळता करून घेण्याची पद्धत आहे, आणि ती इतकी बारकाईने चालते की बहुसंख्य नोकरदारांना जन्मात कधी विवरणपत्र भरावे लागत नाही. ते भरावे लागते रंगाऱ्याला, टॅक्सीचालकाला, शिकवण्या घेणाऱ्याला, छोट्या दुकानदाराला आणि घरमालकाला. १९९६-९७ पासून या वर्गाने आपल्या कराची आकारणी आपणच करावी, अशी ‘सेल्फ असेसमेंट’ची पद्धत तेथे रूढ आहे. नवी योजना याच वर्गासाठी आहे. एप्रिल २०२६ च्या पहिल्या टप्प्यात आठ लाखांवर लोक तिच्या कक्षेत येतात, असा तेथील महसूल खात्याचा अंदाज आहे.

आता कक्षा ठरते कशी ते पाहू. कारण सर्वांत मोठी फसगत याच ठिकाणी होते. पहिल्या टप्प्याची मर्यादा ५०,००० पौंड, एप्रिल २०२७ पासून ३०,००० आणि एप्रिल २०२८ पासून २०,००० अशी आहे. ‘आपले उत्पन्न काही एवढे नाही’ असे म्हणून पुष्कळजण हा आकडा वाचून निश्चिंत होतात. परंतु हा आकडा नफ्याचा नाही, तो खर्च वजा करण्यापूर्वीच्या एकूण जमेचा आहे. समजा, रंगकाम करणारा एक कारागीर वर्षाकाठी ५४,००० पौंडांची बिले करतो. रंग, साहित्य, गाडी आणि हाताखालच्या माणसाची मजुरी मिळून २६,००० जातात आणि हाती २८,००० राहतात. त्याला विचाराल तर तो आपले उत्पन्न २८,००० सांगेल. प्राप्तिकरही तो तेवढ्यावरच देतो. या योजनेच्या हिशेबी मात्र तो ५४,००० पौंडांचा आसामी आहे आणि पहिल्याच टप्प्यात त्याचा नंबर लागतो. त्याच्या शेजारी राहणारी, भाषांतराची कामे करणारी बाई वर्षाला ४६,००० मिळवते. कागद, वीज आणि संगणक मिळून तिचा खर्च जेमतेम हजाराचा. म्हणजे हाती राहणारी रक्कम रंगाऱ्याच्या दीडपटीहून अधिक. असे असूनही पहिल्या वर्षी तिला या नियमाशी काही कर्तव्य नाही. तिची पाळी एप्रिल २०२७ मध्ये येते. ज्याच्या धंद्यात माल आणि मजुरीचा वाटा मोठा, त्याच्यावर हा जाच आधी आणि अधिक, असा याचा सरळ अर्थ आहे.

घरमालकांचेही तेच. कर्ज काढून दोन-तीन घरे घेतलेल्या आणि ती भाड्याने दिलेल्या माणसाचे भाडे ५२,००० पौंड जमा होत असेल आणि त्यातले ३०,००० व्याजापोटी बँकेत जात असतील, तरी मोजले जातात ५२,०००. रहिवासी घरांच्या कर्जावरील व्याज भाड्यातून वजा करण्याची सवलत ब्रिटनने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने काढून घेतली. २०२०-२१ पासून त्याऐवजी फक्त २० टक्के दराने करातून सूट मिळते. त्या दुखण्यावर ही मोजणी म्हणजे मीठ चोळल्यासारखी वाटते, हे मान्य केले पाहिजे. तथापि मोजणीमुळे कर वाढतो हे काही खरे नव्हे. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात घरभाड्याच्या उत्पन्नावरील कराचे दर एप्रिल २०२७ पासून दोन टक्क्यांनी वाढविण्याची घोषणा झाली आणि मूळ दर २० वरून २२ वर जाणार हे स्पष्ट झाले. पण तो निर्णय निराळा आहे. दोन्ही गोष्टींच्या तारखा एकमेकींना लागून आल्यामुळे संगणकावर हिशेब दिला म्हणून कर वाढला अशी समजूत पसरते, इतकेच.

याच्या उलट, ज्यांना काहीच करावयाचे नाही अशी मंडळी विनाकारण घाबरलेली दिसतात. पगार, निवृत्तिवेतन, बँकेचे व्याज आणि लाभांश यांपैकी कशाचीही या मोजणीत गणना होत नाही. तेथील सरकारी आरोग्य सेवेत ९०,००० पौंड पगार घेणारा आणि एक फ्लॅट १५,००० पौंड वार्षिक भाड्याने दिलेला डॉक्टर घ्या. त्याचे मोजावयाचे उत्पन्न फक्त १५,०००. २०२८ च्या २०,००० च्या मर्यादेतही तो सापडत नाही. आपली अनेक संगणकतज्ज्ञ मुले तेथे स्वतःची छोटी खासगी कंपनी स्थापून तिच्यामार्फत कामे घेतात आणि कंपनीकडून पगार व लाभांश घेतात. त्यांच्यावरही हा नियम नाही. कंपन्यांच्या कराला ही योजना लावण्याचा विचार महसूल खात्याने २०२५ मध्ये सोडून दिला. भागीदारी पेढीतून मिळणारा हिस्साही मोजणीत धरलेला नाही. एवढे असूनही, सल्लागाराला घाईने शुल्क देऊन ‘तयारी’ करून घेणाऱ्यांत अशीच माणसे पुष्कळ असावीत, अशी मला शंका येते. भीती विकण्याचा धंदा सर्व देशांत बरकतीत असतो.

जोडप्याच्या नावे असलेल्या घराबाबत आपल्याकडचे लोक हमखास चुकतात. अविभक्त कुटुंबाचे एकत्र उत्पन्न ही कल्पना आपल्या कायद्याने मानली आहे, त्यामुळे घरचे भाडे म्हणजे घराचे उत्पन्न असे आपण धरून चालतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक व्यक्तीचा हिशेब वेगळा. पतिपत्नींच्या समाईक घरांचे एकूण भाडे ६४,००० पौंड असेल आणि हिस्सा समान असेल, तर दोघांचे प्रत्येकी ३२,००० मोजले जातील. पहिल्या टप्प्यात दोघेही मोकळे. एप्रिल २०२७ च्या टप्प्यात दोघेही अडकलेले, आणि दोघांनी आपापला हिशेब वेगळा द्यावयाचा.

पुण्यातल्या फ्लॅटचा प्रश्न याहून नाजूक आहे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ स्थायिक झालेला एक टॅक्सीचालक धरा. त्याची टॅक्सीची जमा ४७,५०० पौंड. कोथरूडमधला वडिलार्जित फ्लॅट त्याने दरमहा ४०,००० रुपयांनी दिलेला आहे; म्हणजे वर्षाचे ४,८०,००० रुपये, पौंडांत सुमारे चार हजार. हे भाडे भारतात मिळते, भारतातच खर्च होते आणि त्यावर भारतात करही भरला जातो. तेव्हा त्याचा तिकडच्या हिशेबाशी संबंध काय, असे त्याला मनापासून वाटते. परंतु ब्रिटनचा रहिवासी आपल्या जगभरच्या उत्पन्नाचा जाब तेथे देतो आणि परदेशातील स्थावराचे भाडे या मोजणीत धरले जाते. दोन देशांतील करारामुळे भारतात भरलेल्या कराची वजावट त्याला तेथील करातून मिळते. मोजणीतून सुटका मिळत नाही. टॅक्सी आणि फ्लॅट मिळून त्याचा आकडा ५०,००० च्या वर जातो आणि केवळ कोथरूडच्या भाड्यामुळे तो दोन वर्षे नव्हे तरी एक वर्ष आधी या चक्रात येतो. उलट मुंबईत राहून लंडनमधले घर भाड्याने देणाऱ्याचे फक्त ब्रिटनमधील उत्पन्न मोजले जाते, आणि अशा परदेशस्थांसाठी तरतुदी व मुदती वेगळ्या आहेत.

‘वर्षातून चार वेळा कर भरावा लागणार’ ही समजूत तर भारतीयांत पक्की रुजलेली आढळते, आणि तिचे कारण उघड आहे. आपल्याकडे आगाऊ कराचे चार हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना भरावे लागतात. तिमाही म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चलन उभे राहते. ब्रिटनमधील तिमाही गोषवाऱ्याबरोबर एक पेनीही द्यावी लागत नाही. कर भरण्याच्या तारखा पूर्वीच्याच, ३१ जानेवारी आणि ३१ जुलै. आणि आगाऊ हप्त्यांची रक्कमही पूर्वीप्रमाणे मागील वर्षाच्या करावरून ठरते. गोषवारा पाठविल्यावर संगणक कराचा अंदाज दाखवतो, तो केवळ माहितीसाठी. त्या अंदाजाला मागणीपत्र समजून पैसे उसने काढण्याचे काही कारण नाही.

गोषवाऱ्यात काय द्यावयाचे, याविषयीही बराच बागुलबुवा उभा केला गेला आहे. सरकारला प्रत्येक पावती दिसणार, भाजीवाल्याच्या रोजच्या गल्ल्यावर लंडनमधून पाळत राहणार, असे बोलले जाते. ही भीती ब्रिटनमध्ये जुनी आहे. धाकट्या पिटने नेपोलियनच्या काळातील युद्धांसाठी १७९९ मध्ये प्राप्तिकर बसविला, तेव्हापासून घरच्या हिशेबात सरकारने डोकावणे हा इंग्रजाला आपल्या स्वातंत्र्याचा अवमान वाटत आला. १८१६ मध्ये पार्लमेंटने तो कर रद्द केला, तेव्हा त्याची दप्तरेही नष्ट करावीत असे ठरविले गेले. प्रती मात्र कोठे ना कोठे शिल्लक राहिल्या. पुढे १८४२ मध्ये पील यांनी कर परत आणला, तो कायमचा. प्रस्तुत योजनेत मात्र सरकारकडे जाते ती केवळ प्रकारवार बेरीज : जमा इतकी, प्रवासखर्च इतका, दुरुस्ती इतकी. रक्कम, तारीख आणि प्रकार यांची नोंद आपल्या वहीत, म्हणजे आपल्या संगणकात राहते. पावत्यांची छायाचित्रे काढण्याचे बंधन नाही. त्या पूर्वीप्रमाणे खोक्यात जपून ठेवता येतात. ज्याची उलाढाल ९०,००० पौंडांच्या आत आहे, त्याला तर खर्चाची प्रकारवारी देण्याचीही गरज नाही. एकूण जमा आणि एकूण खर्च, एवढे दोन आकडे पुरतात.

या गोषवाऱ्यांच्या तारखा ७ ऑगस्ट, ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी आणि ७ मे अशा आहेत. प्रत्येक वेळी द्यावयाचे आकडे वर्षाच्या आरंभापासूनचे, चढत्या बेरजेचे असतात. त्यामुळे पहिल्या तिमाहीत एखादे बिल राहून गेले तर ते नोंदवहीत घालावे. पुढच्या गोषवाऱ्यात बेरीज आपोआप सुधारते. घसारा, वजावटी आणि सवलती यांचा विचार वर्षअखेरीस करावयाचा. तेव्हा ‘पाच विवरणपत्रे’ हे वर्णन अतिशयोक्तीचे ठरते. मात्र अतिशयोक्तीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, आणि ती योजनेचे समर्थक सहसा सांगत नाहीत. गोषवारा माणसागणिक नसून व्यवसायागणिक आहे. वर सांगितलेल्या टॅक्सीचालकाला टॅक्सीचा एक आणि कोथरूडच्या फ्लॅटचा एक, असे दर तिमाहीस दोन गोषवारे द्यावे लागतील. त्याने ब्रिटनमध्येही एखादी खोली भाड्याने दिली असेल, तर परदेशी स्थावर वेगळे आणि तेथील स्थावर वेगळे, म्हणून तीन. वर्षाचे बारा. त्यावर शेवटचे विवरणपत्र. पाच विवरणपत्रांची ओरड करणाऱ्यांनी खरे तर या माणसाची बाजू मांडावयास हवी होती.

तिमाही मोजावयाच्या त्याही ५ जुलै, ५ ऑक्टोबर अशा आडनिड्या तारखांना संपतात, कारण ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. १७५२ मध्ये त्या देशाने जुने पंचांग टाकून देताना अकरा दिवस गाळले, त्याचा हा वारसा समजला जातो. पावणेतीनशे वर्षे उलटली तरी तो बदलावा असे कोणाला वाटले नाही. इंग्रजांच्या परंपराप्रेमाचा हा एक गमतीदार नमुनाच म्हटला पाहिजे. आता मात्र सोयीसाठी ३० जून, ३० सप्टेंबर, ३१ डिसेंबर आणि ३१ मार्च अशा महिनाअखेरीच्या तिमाही निवडण्याची मुभा दिली आहे. ज्यांचे भाडे भारतातही जमा होते त्यांनी ती अवश्य घ्यावी. दोन्ही देशांच्या नोंदी एका मापात बसतात.

वही कोणती ठेवावी, याबद्दलचा गोंधळ शब्दांमुळे झाला आहे. डिजिटल म्हणजे महागडे सॉफ्टवेअर, असा अर्थ लावला जातो. वास्तविक ज्याने आजवर संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये रोजकीर्द आणि खतावणी ठेवली, त्याला ती टाकून देण्याची जरुरी नाही. तिच्यातील बेरजा महसूल खात्याकडे पोहोचविणारे एक छोटे जोड-सॉफ्टवेअर घेतले की काम भागते. हाताने कागदी वही लिहून, वर्षअखेरीस तीच हिशेबनिसाच्या हवाली करणाऱ्याला मात्र सवय बदलावी लागेल. येथे माझा आक्षेप वेगळाच आहे. आजवर ब्रिटनचा करदाता महसूल खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य विवरणपत्र भरू शकत असे. नव्या योजनेत गेलेल्यांना ती सोय नाही. गोषवारेही बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून आणि वर्षअखेरचे विवरणपत्रही त्यातूनच. खात्याने स्वतःचे साधन पुरविण्याचे नाकारले आणि काम खासगी विक्रेत्यांवर सोपविले. त्यांपैकी काहींनी साध्या हिशेबांसाठी फुकट साधने ठेवली आहेत हे खरे, परंतु फुकट देणारा उद्याही फुकटच देईल याची हमी कोण देणार? कर देणे हे नागरिकाचे कायदेशीर कर्तव्य असेल, तर ते बजावण्याचे साधन बाजारातून विकत आणावयास लावणे सरकारला शोभत नाही.

योजनेमागचा सरकारी युक्तिवाद असा की, देय असलेला सगळा कर वसूल होत नाही आणि या तुटीत निष्काळजीपणाने झालेल्या चुकांचा भाग मोठा आहे. महसूल खात्याच्या अंदाजाप्रमाणे २०२३-२४ मध्ये ही तूट एकूण देय कराच्या ५.३ टक्के, म्हणजे ४६.८ अब्ज पौंड होती, आणि तिच्यातील सर्वांत मोठा वाटा छोट्या व्यवसायांचा होता. नोंद वेळच्या वेळी झाली की विसरभोळेपणा कमी होईल, हे पटण्यासारखे आहे. पण जो दुकानदार रोख विक्री कागदी वहीत लिहीत नव्हता, तो ती संगणकाच्या वहीत कशाला लिहील? खर्चाच्या बाजूकडे पाहिले तर २०१६ मध्ये २२ कोटी ६० लाख पौंडांत होणारा हा कार्यक्रम १३० कोटींवर गेल्याचे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये दाखवून दिले. वेळापत्रकाची कथाही अशीच आहे. आरंभ व्हावयाचा होता २०१८ मध्ये. २०१७ मध्ये माघार घेऊन आधी मूल्यवर्धित कराला ही पद्धत लावण्याचे ठरले आणि ती २०१९ पासून लागू झाली. प्राप्तिकरासाठी मग एप्रिल २०२३ हा मुहूर्त धरला, तो एप्रिल २०२४ वर गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये आणखी पुढे ढकलून एप्रिल २०२६ असा ठरला. इतके मुहूर्त टळल्यामुळे ‘हाही टळेल’ असे समजून स्वस्थ बसणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला. त्यांना दोष देणे कठीण आहे. तरी त्यांच्या वाटेने जाणे शहाणपणाचे नाही. नाव नोंदविण्याची जबाबदारी करदात्याची आहे, आणि खात्याचे पत्र आले नाही ही सबब चालत नाही.

दंडाबाबत दोन टोकांच्या समजुती आहेत. एक चूक केली की मोठा भुर्दंड, ही एक. पहिल्या वर्षी सगळे माफ, ही दुसरी. वस्तुस्थिती अशी की, चुकलेल्या प्रत्येक मुदतीला एक गुण मिळतो, चार गुण साठले की २०० पौंड दंड होतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक चुकीला पुन्हा तेवढाच. २०२६-२७ या पहिल्या वर्षात तिमाही गोषवाऱ्यास उशीर झाल्यास गुण न देण्याचे सरकारने जाहीर केले. ही माफी तेवढ्यापुरतीच आहे. वर्षअखेरचे विवरणपत्र उशिरा दिल्यास तिचा उपयोग नाही, आणि कर उशिरा भरणाऱ्याला तर नव्या पद्धतीत पंधरा दिवस उलटताच थकबाकीच्या ३ टक्के, तीस दिवसांनी आणखी ३ टक्के आणि पुढे वार्षिक १० टक्के या दराने दंड लागू होतो. शिवाय गोषवारे चुकवून भागत नाही. ते दिल्याशिवाय वर्षाचे विवरणपत्र पूर्ण होत नाही.

वृद्धांना आपोआप सूट आहे, असेही पुष्कळांना वाटते. वय, अपंगत्व, आंतरजालाची सोय नसलेला दुर्गम भाग किंवा धार्मिक श्रद्धा यांमुळे ज्याला संगणकाचा वापर व्यवहारतः अशक्य आहे, त्याला सूट मिळते. पण ती मागावी लागते आणि खाते प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र विचार करते. नुसते सत्तरी ओलांडणे पुरेसे नाही. सॉफ्टवेअर परवडत नाही किंवा त्याची सवय नाही, ही कारणे खाते मानत नाही. राष्ट्रीय विमा क्रमांक नसलेले तेवढे आपोआप वगळलेले आहेत.

खरा कस लागणार आहे तो २०,००० पौंडांच्या टप्प्यावर. ब्रिटनमध्ये १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. घरगुती डबे पुरविणाऱ्या एखाद्या बाईची जमा २१,००० पौंड आणि धान्य, गॅस, डबे पोहोचविण्याचा खर्च मिळून १०,००० असेल, तर तिच्या हाती ११,००० राहतात आणि कर शून्य येतो. तरीही जमा २०,००० च्या वर असल्यामुळे तिला सॉफ्टवेअर मिळवावे लागेल, वर्षातून चार गोषवारे द्यावे लागतील आणि वेळ चुकली तर गुण आणि दंडही सोसावे लागतील. जो कर द्यावयाचाच नाही त्याच्या हिशेबासाठी हा खटाटोप. एकदा या चक्रात आल्यावर जमा कमी झाली म्हणून लगेच बाहेरही पडता येत नाही. सलग तीन वर्षे ती मर्यादेखाली राहावी लागते. मर्यादा नफ्यावर ठरविली असती, किंवा ज्यांना कर लागत नाही त्यांना वगळले असते, तर तुटीच्या वसुलीत काही उणे पडले नसते. निदान या टप्प्यापुरता तरी हा बदल करण्यास अजून वाव आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे त्या बाईच्या बाबतीत निर्णायक ठरणार आहे ती ६ एप्रिल २०२६ ते ५ एप्रिल २०२७ या वर्षाची जमा. तिचे विवरणपत्र ३१ जानेवारी २०२८ पर्यंत द्यावयाचे आहे, आणि त्यानंतर नऊ आठवड्यांनी, ६ एप्रिल २०२८ रोजी, तिच्या पहिल्या तिमाहीला प्रारंभ होईल.